क्लो ल्युसे : लिओनार्दो दा विंचीच्या अखेरच्या घराला भेट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपच्या सहलीची आखणी करणारे वाचक या घराविषयी आणि बागेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उघडण्याच्या वेळा आणि तिकिटांचे दर मोसमानुसार बदलत असल्यामुळे ते मुद्दाम दिलेले नाहीत. निघण्यापूर्वी ते क्लो ल्युसेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

१. क्लो ल्युसे म्हणजे नेमके काय, आणि ते कुठे आहे?

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी आंब्वाज नावाचे एक छोटे शहर आहे. तेथील राजवाड्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, गुलाबी विटा आणि त्या भागात सापडणारा मऊ पांढुरका चुनखडक यांनी बांधलेला एक वाडा आहे, तोच हा क्लो ल्युसे. १४७१ मध्ये अकराव्या लुईच्या पदरी असलेल्या एत्येन ल लू या अधिकाऱ्याने तो बांधवला आणि १४९० मध्ये राजा आठवा शार्ल याने तो विकत घेतला. त्या काळी त्याचे नाव ‘क्लू’ असे होते. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये येथे राहायला आला आणि २ मे १५१९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, याच घरात वारला. १८५४ पासून हा वाडा सँ ब्री घराण्याच्या मालकीचा आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर या घराण्यानेच तो लोकांसाठी खुला केला. त्यामुळे हे सरकारी संग्रहालय नाही, ही गोष्ट तिकिटांच्या संदर्भात (प्रश्न ८) लक्षात ठेवावी.

२. लिओनार्दो तर इटलीचा. मग त्याचे घर फ्रान्समध्ये कसे?

१५१५ मध्ये फ्रान्सचा तरुण राजा पहिला फ्रान्स्वा याने मारिन्यानोची लढाई जिंकून मिलान ताब्यात घेतले. लिओनार्दो त्या सुमारास रोममध्ये जुलियानो दे मेदिची याच्या आश्रयाला होता. तेथे मायकेलअँजेलो आणि राफाएल यांचा बोलबाला होता आणि साठी ओलांडलेल्या लिओनार्दोच्या हाती मोठे काम फारसे येत नव्हते. मार्च १५१६ मध्ये जुलियानो वारला आणि तो आधारही गेला. फ्रान्स्वाने त्याला ‘राजाचा पहिला चित्रकार, अभियंता आणि वास्तुविशारद’ असा किताब, भरघोस वेतन आणि राहायला हा वाडा देऊ केला. लिओनार्दो आल्प्स ओलांडून आला, तेव्हा त्याच्याबरोबर शिष्य फ्रांचेस्को मेल्झी, जुना सोबती सालाई आणि नोकर बातिस्ता हे होते, तसेच वह्या आणि चित्रेही होती. राजा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. त्याचे बालपण आंब्वाजमध्येच गेले होते आणि हा वाडा त्याच्या कुटुंबाच्या परिचयाचा होता.

३. मोनालिसा तिथे पाहायला मिळते का?

मिळत नाही, आणि सर्वाधिक निराशा याच कारणाने होत असल्यामुळे हे आधीच स्पष्ट केलेले बरे. क्लो ल्युसेमध्ये लिओनार्दोच्या हातचे एकही मूळ चित्र नाही. मोनालिसा, संत ॲनचे चित्र आणि संत योहानाचे चित्र ही तिन्ही त्याने फ्रान्सला आणली, ती राजाच्या संग्रहात गेली आणि आज तिन्ही पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहेत. मोनालिसा इटलीतून चोरून किंवा लुटून नेली, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. तो खरा नाही. १९११ मध्ये ती चोरीला गेली होती, पण ती लूव्हरमधून, आणि सापडली ती इटलीत.

क्लो ल्युसेच्या आवारात २०२१ मध्ये सुरू झालेल्या नव्या दालनांत त्याची चित्रे प्रकाशाच्या साहाय्याने मोठ्या आकारात दाखवली जातात. चित्रांचे बारकावे समजून घेण्यासाठी ती उपयुक्त आहेत, परंतु मूळ चित्र पाहिल्याचे समाधान त्यांतून मिळणार नाही. म्हणून पॅरिसमध्ये आधी लूव्हर पाहावे आणि नंतर आंब्वाजला जावे, असा आमचा सल्ला आहे. ज्या खोल्यांत ही तिन्ही चित्रे एकेकाळी होती, त्या खोल्यांना तेव्हाच अर्थ येतो.

४. मग घरात मूळचे काय आहे आणि नंतर मांडलेले काय आहे?

भिंती, मनोरा, मोठ्या शेकोट्या, वाड्याची एकूण ठेवण आणि आठव्या शार्लने राणी ॲन हिच्यासाठी बांधवलेले छोटे प्रार्थनाघर हे जुने आहे. प्रार्थनाघरातील भित्तिचित्रे लिओनार्दोच्या शिष्यांनी काढली, असे परंपरेने सांगितले जाते. तळमजल्यावरील काही दिवाणखाने मात्र अठराव्या शतकातल्या पद्धतीने सजलेले आहेत आणि लिओनार्दोच्या काळाशी त्यांचा संबंध नाही. हे न कळल्यामुळे अनेकजण तेथे उगाच गोंधळतात.

शयनगृहातील पलंग, मेज आणि इतर सामान त्या काळाला शोभेल असे निवडून मांडलेले आहे. ‘त्याच पलंगावर तो गेला’ असे मनात धरू नये. चित्रशाळा, अभ्यासिका आणि पुस्तकांची खोली यांचीही पुनर्रचना केलेली आहे. ती अभ्यासपूर्वक केली आहे, म्हणून ती पाहण्याजोगी आहे, पण ती पुनर्रचनाच आहे. या वाड्यात खरोखर अस्सल असे काही शोधायचे असेल, तर शयनगृहाच्या खिडकीपाशी थांबावे. येथून राजवाडा दिसतो. क्लो ल्युसेतूनच पाहून काढलेले आंब्वाजच्या राजवाड्याचे एक रेखाचित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहात आहे आणि ते मेल्झीचे मानले जाते.

स्वयंपाकघरही चुकवू नये. लिओनार्दोने भूमितीचे एक टिपण ‘सूप थंड होते आहे’ अशा अर्थाच्या शब्दांवर मध्येच सोडून दिले आहे. ते टिपण या घरातल्या दिवसांतले मानले जाते आणि ते सूप मातुरीन या स्वयंपाकिणीने केले असावे, असा तर्क लोक आवडीने करतात. तर्क सिद्ध करता येत नाही, परंतु मातुरीन ही काल्पनिक नव्हे. लिओनार्दोने मृत्युपत्रात तिच्यासाठी अस्तर लावलेला चांगल्या काळ्या कापडाचा झगा आणि दोन डुकाट (त्या काळची नाणी) ठेवले होते.

५. बागेत काय आहे? तिथली यंत्रे खरोखर चालवता येतात का?

बाग सुमारे सात हेक्टरांची, म्हणजे साधारण सतरा एकरांची आहे आणि तिच्यातून आमास नावाची लहान नदी वाहते. २००३ पासून या बागेत लिओनार्दोच्या रेखाचित्रांवरून बनवलेली मोठ्या आकाराची यंत्रे मांडलेली आहेत : हवेत उचलला जाण्यासाठी कल्पिलेला मळसूत्री पंखा, शंकूच्या आकाराचा रणगाडा, अनेक नळ्यांची तोफ, फिरता पूल, वल्ह्यांच्या चाकांची नाव. यांतील कित्येक यंत्रांना हात लावता येतो आणि ती फिरवता येतात. झाडांमध्ये टांगलेल्या अर्धपारदर्शक पडद्यांवर त्याची चित्रे आणि रेखाटने छापलेली आहेत. नदीवरचा दुमजली लाकडी पूल त्याच्या एका कल्पनेवरून बांधला आहे. पाणथळ जागेतील झाडी, धुके आणि खडक यांची रचना त्याच्या चित्रांतील पार्श्वभूमी डोळ्यांपुढे यावी अशी केली आहे. सकाळच्या दमट हवेत ही रचना सर्वांत परिणामकारक वाटते.

वाड्याच्या तळघरात लहान आकाराच्या प्रतिकृती आहेत. आयबीएम कंपनीने रेखाचित्रांवरून त्या तयार केल्या होत्या. आधी तळघर पाहून मग बागेत गेल्यास मोठ्या यंत्रांची कार्यपद्धती अधिक चांगली समजते.

६. ही यंत्रे लिओनार्दोने याच घरात बनवली होती का?

नाही. रणगाडा, मळसूत्री पंखा, उडण्याची पंखयंत्रे यांची रेखाचित्रे मुख्यतः मिलानमधील, म्हणजे आंब्वाजला येण्यापूर्वी सुमारे तीस वर्षांची आहेत, आणि त्यांतील बहुतेक यंत्रे त्याच्या हयातीत बांधली गेल्याचा पुरावा नाही. रणगाड्याच्या रेखाचित्रात तर दाते अशा रीतीने जोडलेले आहेत की, पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध फिरतील. ही चूक होती की कोणी नक्कल करू नये म्हणून ठेवलेली मेख, यावर जाणकारांत अद्याप वाद आहे. बागेतील फलकांवर हा काळाचा फरक ठळकपणे दिसला असता, तर बरे झाले असते.

येथे त्याने केले ते वेगळेच काम. १५१७ मध्ये रोमोरांतँ येथे राजासाठी नवा राजवाडा आणि कालव्यांची योजना त्याने आखली. ती पुढे सोडून देण्यात आली. दरबारी समारंभांची मांडणी हा त्याच्या कामाचा मोठा भाग होता. त्याने कल्पिलेला यांत्रिक सिंह चालत पुढे येई आणि छाती उघडून लिलीची फुले दाखवी. ही फुले फ्रान्सच्या राजचिन्हात होती. १९ जून १५१८ च्या रात्री याच वाड्याच्या अंगणावर निळे कापड ताणून, त्यावर तारे, ग्रह, सूर्य आणि चंद्र लावून मशालींच्या उजेडात राजासाठी मोठा उत्सव झाला. मिलानमध्ये १४९० मध्ये त्याने केलेल्या ‘स्वर्गाच्या उत्सवा’चीच ती पुन्हा केलेली मांडणी होती. अंगणात उभे असताना ही रात्र आठवली, तर बागेतील सर्व यंत्रांपेक्षा ती अधिक जवळची वाटते. महाप्रलयाची, म्हणजे पाण्याच्या प्रचंड भोवऱ्यांची, त्याची विलक्षण रेखाचित्रेही याच अखेरच्या वर्षांतली मानली जातात.

७. मुंबई-पुण्याहून जायचे असेल तर व्हिसा आणि प्रवास कसा?

शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. त्यामुळे इटलीत आठ दिवस आणि फ्रान्समध्ये चार दिवस असतील, तर आंब्वाज पाहायचे असूनही अर्ज इटलीकडेच करावा लागतो. दिवस सारखेच असतील, तर प्रथम ज्या देशात प्रवेश करणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा लवकर भरत असल्याने पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये.

पॅरिसच्या माँपारनास स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान गाडीने सँ-प्येर-दे-कोर येथे सुमारे एक तासात पोहोचता येते आणि तेथून स्थानिक गाडीने वीसेक मिनिटांत आंब्वाजला जाता येते. ऑस्टर्लिट्झ स्थानकावरूनही गाड्या सुटतात. त्या स्वस्त पडतात, परंतु त्यांना सुमारे दोन तास लागतात. शार्ल द गोल विमानतळावरून सँ-प्येर-दे-कोरला जाणाऱ्या काही थेट टीजीव्ही गाड्या आहेत, त्यामुळे विमानातून उतरून पॅरिस शहरात न शिरताही जाता येते. आंब्वाजचे स्थानक नदीच्या उत्तर तीरावर असून वाडा दक्षिण तीरावर आहे. पूल ओलांडून, मधल्या बेटावरून चालत जायला अर्धा तास लागतो आणि सामान नसेल तर हा रस्ता चालण्याजोगा आहे. राजवाड्यापासून पुढे व्हिक्टर ह्यूगो रस्त्याने जाताना डाव्या-उजव्या बाजूंच्या कड्यांत कोरलेली घरे दिसतात, तीही पाहावीत.

८. क्लो ल्युसे आणि आंब्वाजचा राजवाडा यांचे तिकीट एकच असते का?

नाही. दोन्ही वास्तूंची व्यवस्था स्वतंत्र आहे आणि एकाचे तिकीट दुसरीकडे चालत नाही. पॅरिस म्युझियम पासही आंब्वाजमध्ये उपयोगाचा नाही. क्लो ल्युसे नाताळच्या दिवशी आणि १ जानेवारीला बंद असते. जानेवारीत वेळही कमी असते. लिओनार्दोची समाधी पाहायची असेल, तर राजवाड्याचे तिकीट काढावेच लागते (प्रश्न १२).

९. किती वेळ ठेवावा आणि कोणत्या महिन्यात जावे?

किमान तीन तास, आणि बरोबर मुले असतील तर चार. बहुतेक पर्यटक वाड्यातील अरुंद खोल्यांत गर्दीत दीड तास घालवतात आणि बाग अर्ध्या तासात उरकतात; आमच्या मते हे प्रमाण उलट असायला हवे. उघडताक्षणी आत शिरून वाडा पाहावा, कारण दुपारपर्यंत सहलींच्या बस येतात, आणि मग उरलेला वेळ बागेला द्यावा. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंचांच्याच सुट्ट्या असतात. हिवाळ्यात बाग उघडी असली, तरी झाडे निष्पर्ण असतात आणि दिवस फार लवकर मावळतो.

१०. आई-वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना जमेल का?

वाडा पंधराव्या शतकातील आहे. वरच्या खोल्यांकडे आणि खाली तळघराकडे जिन्यांनीच जावे लागते. बागेत चढ-उतार आहेत, पण रस्ते चालण्याजोगे आहेत आणि बसायला जागोजागी बाके आहेत. ज्यांना जिने जमणार नाहीत त्यांनी बागेपासून सुरुवात करावी. चाकांची खुर्ची लागणार असेल, तर कोणत्या भागांत ती जाते हे आधी ईमेलने विचारून घ्यावे. स्थानकापासून चालत जाण्याऐवजी टॅक्सी करणे त्यांच्या दृष्टीने अधिक सोयीचे ठरेल.

११. शाकाहारी जेवण मिळते का? आणि लिओनार्दो स्वतः शाकाहारी होता, हे खरे आहे का?

आवारात खाण्याची सोय आहे आणि त्या भागात गव्हाच्या गोड क्रेप किंवा कुट्टूच्या पिठाच्या खाऱ्या गॅलेट सहज मिळतात. चीज, मशरूम किंवा पालक घातलेली गॅलेट शाकाहारी माणसाला चालते, मात्र पिठात अंडे असण्याची शक्यता असते आणि क्रेपमध्ये तर ते जवळपास नेहमीच असते. अंडे न खाणाऱ्यांनी ‘सां झ’ (अंड्याविना) असे स्पष्ट विचारावे. जैन पद्धतीच्या जेवणाची अपेक्षा ठेवू नये. दशम्या, चटणी आणि मेतकूट बरोबर असेल, तर गावातील ल्वारच्या काठावर बसून खाता येते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक रंजक आहे, कारण त्याचा धागा थेट भारतात पोहोचतो. पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेला आंद्रेआ कोर्साली नावाचा फ्लोरेन्सचा प्रवासी १५१६ च्या सुरुवातीला कोचीनमध्ये होता. तेथून त्याने जुलियानो दे मेदिचीला, म्हणजे प्रश्न २ मधील लिओनार्दोच्या आश्रयदात्यालाच, पत्र लिहिले. गुजराती लोक रक्त असलेले काहीही खात नाहीत आणि कोणत्याही जिवाला इजा होऊ देत नाहीत, असे सांगून ‘आपल्या लिओनार्दो दा विंचीप्रमाणे’ अशी पुस्ती त्याने जोडली. लिओनार्दोच्या आहाराविषयीचा समकालीन पुरावा मुख्यतः एवढाच. त्याच्या वह्यांतील खर्चाच्या याद्यांत मांसही आढळते, परंतु त्या सगळ्या घराच्या याद्या आहेत, त्या एकट्याच्या नव्हेत. त्यामुळे ‘बहुधा होता’ इतकेच म्हणता येते.

१२. त्याची समाधी क्लो ल्युसेमध्ये आहे का?

नाही. मृत्युपत्रातील इच्छेप्रमाणे त्याला राजवाड्याच्या आवारातील सँ-फ्लोरांतँ चर्चमध्ये पुरण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते चर्च पाडले गेले आणि थडगी विखुरली. १८६३ मध्ये उत्खननात सापडलेली काही हाडे त्याची असावीत असे मानून ती राजवाड्यातीलच सँ-ह्युबेर प्रार्थनामंदिरात ठेवली गेली. त्यामुळे तेथील थडग्याला ‘मानलेली’ समाधी म्हणणे योग्य. ज्या चर्चमध्ये त्याला प्रथम पुरले, त्या जागी आवारात त्याचा अर्धपुतळा आहे. अनेकजण तो न पाहताच पुढे जातात.

१३. राजाच्या मिठीत त्याने प्राण सोडला, ही कथा खरी का?

वाडा पाहताना ही कथा हमखास ऐकू येते. लिओनार्दोचे चरित्र लिहिणाऱ्या वझारीने ती लिहिली आणि पुढे अँग्रसारख्या चित्रकारांनी ती रंगवली. अडचण अशी की, राजाच्या दुसऱ्या मुलाचा जन्म ३१ मार्च १५१९ रोजी पॅरिसजवळच्या सँ-जर्मां-आँ-ले येथे झाला होता, दरबार तेथेच होता, आणि लिओनार्दोच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, तेथून एक राजाज्ञा निघाली. घोड्यावरूनही तेवढे अंतर एका दिवसात कापणे कठीण होते. कथेची बाजू घेणारे म्हणतात की, राजाज्ञा राजाच्या गैरहजेरीतही निघू शकते. आमचा कल कथा खोटी मानण्याकडे आहे. मेल्झी मात्र नक्कीच जवळ होता आणि वह्या त्यालाच मिळाल्या.

१४. वाड्यापासून राजवाड्यापर्यंत भुयार आहे, असे ऐकले. त्यातून जाता येते का?

तळघरात एका भुयाराचे तोंड दाखवले जाते आणि राजा त्यातून लिओनार्दोला भेटायला येई, असे सांगतात. त्यातून राजवाड्यापर्यंत जाता येत नाही; रस्त्यानेच जावे लागते.

१५. लिओनार्दोला अर्धांगवायू झाला होता, मग येथे त्याने चित्रे काढली कशी?

१० ऑक्टोबर १५१७ रोजी कार्डिनल (कॅथलिक चर्चमधील उच्च धर्माधिकारी) लुइजी दारागोना त्याला भेटायला आला. त्याचा चिटणीस अंतोनियो दे बेआतिस याने रोजनिशीत लिहिले आहे की, लिओनार्दोच्या उजव्या हाताला पक्षाघातामुळे दुबळेपणा आला असून त्याच्याकडून आता उत्तम चित्रकामाची अपेक्षा करता येणार नाही. लिओनार्दो डावखुरा होता, त्यामुळे रेखाटणे आणि लिहिणे चालू राहिले. त्या भेटीत पाहुण्यांनी तीन चित्रे, शरीररचनेची रेखाचित्रे आणि वह्या पाहिल्या. तीसहून अधिक शवांचे विच्छेदन केल्याचे लिओनार्दोने त्यांना सांगितले. क्लो ल्युसेमधील दिवसांचा डोळ्यांनी पाहिलेला इतका तपशीलवार वृत्तान्त दुसरा नाही, म्हणून भेटीपूर्वी तो वाचून जावा. इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे.

१६. शांबोरच्या राजवाड्यातील दुहेरी जिना त्याचाच का? एकाच दिवसात दोन्ही पाहता येतील का?

शांबोरचे बांधकाम १५१९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी सुरू झाले. चढणारा आणि उतरणारा एकमेकांना न भेटता जाऊ शकतील अशा दोन गुंफलेल्या जिन्यांची कल्पना त्याच्या रेखाटनांशी जुळते, पण त्याने तो आराखडा केल्याचा कागद सापडलेला नाही. मार्गदर्शकांच्या तोंडी ‘लिओनार्दोचा जिना’ असेच येते, तेव्हा मनातल्या मनात ‘बहुधा’ जोडून घ्यावे.

गाडी भाड्याने घेतली, तर सकाळी क्लो ल्युसे आणि दुपारनंतर शांबोर जमते. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे. गाडी नसेल, तर शांबोरऐवजी शनोन्सो हा दुसरा राजवाडा निवडावा; ते आंब्वाजपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. तिन्ही एकाच दिवसात करू नयेत.

१७. इटलीतील जन्मघर आणि हे घर यांपैकी एकच जमत असेल, तर कोणते पाहावे?

फ्लोरेन्सजवळ विंची गावापासून तीन किलोमीटरवर अंकियानो येथे त्याचे जन्मघर मानले जाणारे साधे दगडी घर आहे. तेथे पाहण्यासारखे मुख्यतः ऑलिव्हच्या बागा आणि टेकड्या आहेत. यंत्रांच्या प्रतिकृती विंची गावातील संग्रहालयात आहेत. मुलांना घेऊन जायचे असेल किंवा त्याच्या कामाविषयी काही समजून घ्यायचे असेल, तर क्लो ल्युसे पाहावे. फ्लोरेन्समध्ये चार दिवस असतील आणि एक सकाळ मोकळी असेल, तर अंकियानोसाठी वेगळा खर्च फारसा येत नाही.